भांडुपची मद्यभट्टी आणि उष्णतेचा हिशोब

मुंबई बेट आणि साष्टी ह्यांना जोडणारा शीवचा बांधरस्ता १८०३ साली खुला झाला आणि साष्टीतील गावे मुंबईच्या भांडवलदारांच्या दृष्टिपथात आली. भांडुप हे त्यांतील एक. एका अंगास ठाण्याच्या खाडीची खाजणे, दुसऱ्या अंगास पवई-विहारच्या टेकड्या, आणि मधून ठाण्याकडे जाणारी वाट, अशी ह्या गावाची ठेवण. मुंबईचे आल्डरमन व ‘बॉम्बे कुरियर’ ह्या पत्राचे संपादक ल्यूक ॲशबर्नर ह्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भांडुपची जमीन आली. तेथे त्यांनी रम गाळण्याची मोठी भट्टी उभारली. १८१७ साली त्यांनी ही सारी मालमत्ता आपले कारभारी कावसजी माणेकजी ह्यांना विकली. ह्या भट्टीतून लष्कराच्या कमिसरिएट खात्याला सालिना एक लक्ष गॅलनपर्यंत रम पुरविली जाई, अशी नोंद आहे. भांडुपचे नाव आज घेतले जाते ते मुंबई महानगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. परंतु दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ते ह्या भट्टीमुळे सरकारी कागदपत्रांत येत असे.

रासायनिक विक्रियेतील एन्थॅल्पीच्या बदलाची गणना हा विषय पदवी-परीक्षेच्या विद्यार्थ्यास बेरीज-वजाबाकीचा म्हणून परिचित असतो. दोन-तीन समीकरणे एकाखाली एक लिहावयाची, समान पदे छेदून टाकावयाची, आणि उरलेला आकडा उत्तर म्हणून मांडावयाचा. ह्या रीतीने उत्तर बरोबर येते ह्यात शंका नाही. पण त्या आकड्यामागील प्रश्न मात्र दृष्टीआड होतो. तो प्रश्न मुळात प्रयोगशाळेतील नसून बऱ्याच अंशी भट्टीतील आहे, आणि भांडुपसारख्या ठिकाणी तो आपल्या सगळ्या अडचणींसह समोर उभा राहतो.

मद्यभट्टीत दोन निराळ्या क्रिया चालतात. पहिली म्हणजे गोड रस आंबणे, अर्थात किण्वन. ह्यात साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू ह्यांत रूपांतर होते आणि रस आपोआप कोमट होतो. दुसरी म्हणजे आंबलेला रस उकळून त्याची वाफ थंड करणे, अर्थात ऊर्ध्वपातन. ह्यात उष्णता बाहेरून घालावी लागते. दुसऱ्या क्रियेची उष्णता सरपणाच्या खर्चाच्या रूपाने जमाखर्चात उतरते. पहिलीची उष्णता फुकट मिळते, आणि फुकटाची नोंद कोणताही व्यापारी ठेवीत नाही. परंतु रसायनशास्त्राच्या इतिहासात खरी कसोटी पाहिली ती ह्या फुकटच्या उष्णतेनेच. तिचे परिमाण निश्चित करण्यास शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला.

ऊर्ध्वपातनाचा हिशोब त्या मानाने लवकर उलगडला. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक ह्याने १७६० च्या दशकात दाखविले की उकळते पाणी वाफ होताना विपुल उष्णता शोषून घेते आणि तरीही त्याचे तापमान वाढत नाही. ही सुप्त उष्णता त्याने मोजली. पात्रावर वाफ धरून ती नळीतून थंड पाण्यात उतरविण्याची युक्ती स्कॉटलंडमधील मद्य गाळणाऱ्यांच्या नित्य परिचयाची होती, आणि नळीभोवतीचे पाणी किती तापते हे मोजले की वाफेत किती उष्णता दडली होती ते कळते. कारागिराच्या हाताला शतकानुशतके ठाऊक असलेली गोष्ट आकड्यात बांधण्याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

किण्वनाचे गणित प्रथम वजनाच्या बाजूने सुटले. लाव्हाझियेने १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात किण्वनासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आणि साखरेचे वजन एका बाजूस व मद्यार्क, कार्बनी वायू इत्यादींचे वजन दुसऱ्या बाजूस मांडून ताळेबंद जुळविला. द्रव्य नवे निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हे सुप्रसिद्ध विधान त्याने ह्याच प्रकरणात केले आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याचे आकडे आजच्या कसोटीस उतरत नाहीत. पण रासायनिक समीकरण म्हणजे जमाखर्चाचे पान, ही दृष्टी तेथून रुजली. मग त्याच पानावर उष्णतेचा रकाना का नसावा?

तसा प्रयत्न लाव्हाझिये व लाप्लास ह्यांनी आधीच आरंभिला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाचा कॅलरीमापक वापरला. विक्रिया घडणारे पात्र बर्फाने वेढावयाचे आणि किती बर्फ वितळले ते तोलावयाचे, ही त्याची रीत. संयुग तयार होताना जेवढी उष्णता बाहेर पडते तेवढीच त्याचे विघटन करण्यास लागते, हे तत्त्वही त्यांनी मांडले. ज्वलनासारख्या जलद क्रियेस हे उपकरण उपयोगी पडले, जिवंत गिनीपिगाच्या शरीरातील उष्णताही त्यात मोजली गेली; परंतु आंबणाऱ्या रसास ते निरुपयोगी होते. शून्य अंशावर किण्व काम करीत नाही. किण्व काम करील अशा ऊबदार जागी ठेवावे, तर क्रिया कित्येक दिवस रेंगाळते आणि निघणारी उष्णता त्या अवधीत पात्राच्या भिंतींतून निसटून जाते. थोडक्यात, जी विक्रिया मनुष्यास सर्वांत पुरातन काळापासून परिचित होती, तिचीच उष्णता सरळ मोजता येत नव्हती.

ह्या अडचणीतून वाट काढणारा नियम १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला. जेरमेन हेस हा जिनिव्हात जन्मलेला आणि रशियात वाढलेला रसायनज्ञ. त्याने गंधकाम्लात निरनिराळ्या प्रमाणात पाणी मिसळून ती द्रावणे अमोनियाने उदासीन केली. पाणी अधिक मिसळले की मिश्रणाच्या वेळी अधिक उष्णता निघे आणि उदासिनीकरणाच्या वेळी तितकीच कमी. दोहोंची बेरीज मात्र दर वेळी जवळजवळ सारखीच येई. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की विक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, एकंदर उष्णता तीच राहते. ती आरंभीच्या व अखेरच्या पदार्थांवर अवलंबून असते, मधल्या वाटेवर नाही. येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. आज हेसचा नियम त्या सिद्धान्ताचा उपसिद्धान्त म्हणून शिकविला जातो. इतिहासात उपसिद्धान्त आधी आला आणि सिद्धान्त मागून.

तो मागून आलेला सिद्धान्तही भट्टीच्या परिसरातूनच आला. सॅलफर्ड येथील बिअर बनविणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या जेम्स जूलने उष्णतेच्या यांत्रिक तुल्यांकावरील आपला निबंध ऑगस्ट १८४३ मध्ये कॉर्क येथील सभेत वाचला. अंशाच्या लहानशा भागापर्यंत तापमान वाचण्याचा जो आत्मविश्वास त्याच्या ठायी होता, त्याचे मूळ बिअर बनविण्याच्या धंद्यात शोधणारे इतिहासकार आहेत, आणि ते मत ग्राह्य वाटते. योगायोग असा की त्याच १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असता मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे सांगितले जाते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि वाटेत शीव येथे तिच्या एंजिनांनी पाणी भरून घेतले. कॉर्क आणि भांडुप ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोहही आवरला पाहिजे. एवढेच म्हणता येईल की उष्णतेला किंमत असते ही जाणीव त्या दशकात एकाच वेळी अनेक ठिकाणी जागी होत होती.

आता मूळ गणनेकडे वळावे. हेसच्या नियमानुसार किण्वनाची उष्णता किण्वन न करताच काढता येते. ग्लुकोज पूर्णपणे जाळावे. त्यातून मिळणारा मद्यार्कही पूर्णपणे जाळावा. दोन्ही वाटांनी शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणीच उरते. म्हणून पहिल्या उष्णतेतून दुसरी वजा केली की किण्वनाची उष्णता हाती येते. १८८० च्या दशकात मार्सेलिन बर्थेलोच्या बाँब कॅलरीमापकामुळे सेंद्रिय पदार्थ दाबाखालील ऑक्सिजनमध्ये क्षणार्धात व संपूर्णपणे जाळणे शक्य झाले, आणि ही वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. आजचे आकडे घेतल्यास ग्लुकोजचा ज्वलनोष्मा मोलमागे सुमारे २,८०३ किलोज्यूल आणि द्रव मद्यार्काचा सुमारे १,३६७ किलोज्यूल आहे. ग्लुकोजच्या एका मोलापासून मद्यार्काचे दोन मोल होतात. त्यांचे २,७३४ वजा करता उरतात अवघे ६९ किलोज्यूल.

ह्या ‘अवघे’ शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. दोन अवाढव्य संख्यांच्या वजाबाकीतून ही छोटी संख्या निघाली आहे. ग्लुकोजच्या आकड्यात एक टक्का चूक झाली तर ती २८ किलोज्यूलांची चूक होते. म्हणजे मूळ मापनातील एक टक्का उत्तरात चाळीस टक्के होऊन उतरतो. काही कोष्टकांत ग्लुकोजचा ज्वलनोष्मा २,८०३ ऐवजी २,८०५ किंवा २,८०८ दिलेला आढळतो. हा फरक एक-पंचमांश टक्क्याच्या आतला आहे, तरी उत्तर ६९ वरून ७४ वर जाते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात ही गोष्ट कधी जाणवत नाही, कारण तेथे कोष्टक नेहमी एकच असते. एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी शेकडो पदार्थ पुनःपुन्हा जाळले, त्यामागे आकड्यांची हौस नव्हती. डेन्मार्कच्या यूलिउस थॉमसेनने आयुष्याची कितीतरी वर्षे ह्या कामी घालविली आणि १८८२ ते १८८६ ह्या काळात चार खंडांत ते प्रसिद्ध केले. वजाबाकीत टिकून राहील इतका नेमका आकडा हवा असेल तर दुसरा मार्ग नव्हता.

बाँब कॅलरीमापकाची आणखी एक बाब येथे निर्णायक ठरते. त्यात पदार्थ बंद पात्रात, म्हणजे स्थिर आकारमानात जळतो. म्हणून मोजली जाते ती आंतरिक ऊर्जेतील घट. भट्टीचे पिंप मात्र वातावरणाच्या स्थिर दाबाखाली उघडे असते. स्थिर दाबाखालील उष्णतेशी जुळणारी राशी गिब्झने १८७० च्या दशकात सिद्ध केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिला एन्थॅल्पी हे नाव पडले. ते कामरलिंग ओनेसकडून आले असे मानतात. ग्लुकोज जळताना ऑक्सिजनचे सहा मोल खर्च होऊन कार्बन डायऑक्साइडचे सहाच मोल निघतात, म्हणून तेथे दोन्ही राशी सारख्याच. मद्यार्क जळताना मात्र वायूचे तीन मोल जाऊन दोनच येतात, त्यामुळे मोलमागे अडीच किलोज्यूलांची दुरुस्ती करावी लागते. दोन मोलांची मिळून पाच. एक हजार तीनशे सदुसष्टांत अडीच म्हणजे नगण्य. परंतु एकोणसत्तरांत पाच म्हणजे सात टक्के. आंतरिक ऊर्जा आणि एन्थॅल्पी ह्यांतील भेद केवळ व्याख्येपुरता आहे, असे समजणाऱ्याने हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

एवढ्याने प्रश्न सुटला असे वाटेल, पण पिंपातील अनुभव त्याच्याशी जुळत नव्हता. फ्रान्समध्ये दुब्रन्फो ह्याने १८५६ साली एकवीस हजार लिटरांहून मोठ्या पिंपातील आंबणाऱ्या रसाची तापमानवाढ पाहून किण्वनाची उष्णता अंदाजिली. पिंप जितके मोठे तितकी भिंतींतून निसटणारी उष्णता प्रमाणाने कमी, हे त्याच्या पथ्यावर पडले. प्रयोगशाळेतील लहान पात्राला जे साधत नव्हते ते भट्टीच्या पिंपाने साधले. त्यानंतर शतकाच्या अखेरीस झालेल्या अधिक काटेकोर मापनांत ग्लुकोजच्या मोलमागे सुमारे २३.५ किलोकॅलरी, म्हणजे ९८ किलोज्यूल, अशी उष्णता आढळली. गणना सांगते ६९, पिंप सांगते ९८. हेसचा नियम चुकला काय?

नियम चुकला नव्हता, पदार्थांची नावे अपुरी होती. कॅलरीमापकात जळते ते कोरडे, स्फटिकरूप ग्लुकोज आणि शुद्ध द्रव मद्यार्क. पिंपात दोन्ही पाण्यात विरघळलेले असतात. ग्लुकोज पाण्यात विरघळताना मोलमागे सुमारे ११ किलोज्यूल शोषते, म्हणजे विरघळलेल्या ग्लुकोजच्या अंगी तेवढी एन्थॅल्पी अधिक असते. मद्यार्क पुष्कळ पाण्यात मिसळताना उलट मोलमागे १० किलोज्यूलांहून थोडी अधिक उष्णता सोडतो. दोन मोलांचे सुमारे एकवीस. हे दोन टप्पे हिशोबात घातले की ६९ चे सुमारे १०१ होतात. पिंपातून निघणारा वायू थोडी पाण्याची वाफ सोबत नेतो, थोड्या साखरेचे ग्लिसरीन होते, थोडी किण्वाच्या वाढीत जाते. एवढे ध्यानी घेता ९८ आणि १०१ ह्यांतील अंतर समाधानकारक म्हणावे लागते. समीकरणात पदार्थाच्या नावापुढे घन, द्रव, वायू की जलद्रावण हे लिहावयाचा जो नियम विद्यार्थी अनेकदा कंटाळून सोडून देतात, त्याचे मोल येथे एकंदर उत्तराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके आहे.

ह्याच विक्रियेने बर्थेलो आणि थॉमसेन ह्यांच्या एका लाडक्या मताचाही फोलपणा उघड केला. विक्रियेत जितकी अधिक उष्णता निघेल तितकी घटकांची रासायनिक आसक्ती प्रबळ, असे दोघेही मानीत. किण्वनाची उष्णता बेताचीच. पण तिची मुक्त ऊर्जा प्रमाणित अवस्थेत मोलमागे सुमारे २२८ किलोज्यूलांनी घटते, म्हणजे उष्णतेच्या तिपटीहून अधिक. एका घन रेणूपासून वायूचे दोन व द्रवाचे दोन रेणू होताना एन्ट्रॉपी जी वाढते, तिचा हा प्रभाव. उष्णता मोजण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता, त्यांनीच तिला नको ते काम सांगितले होते.

भांडुपच्या भट्टीचा हिशोब ह्या आकड्यांनी मांडून पाहणे उद्बोधक आहे. तो भट्टीच्या वह्यांवरून नव्हे, तर गृहीतांवरून मांडलेला आहे, हे प्रारंभीच स्पष्ट असावे. एक लक्ष गॅलन म्हणजे सुमारे ४,५४,६०० लिटर रम. तिच्यात निम्मा मद्यार्क धरला तर तो सुमारे १७९ टन, म्हणजे ३९ लक्ष मोल. तो देण्यास सुमारे ३५० टन ग्लुकोज आंबावे लागेल आणि पिंपांतून वर्षाकाठी १९ ते २० कोटी किलोज्यूल उष्णता निघेल. आता ऊर्ध्वपातन. आंबलेल्या रसात मद्यार्क शेकडा सहा धरल्यास ३८ लक्ष लिटर रस उकळीस आणावा लागतो. त्यास सुमारे ९८ कोटी किलोज्यूल. त्याचा एक-तृतीयांश वाफ करून काढावा लागतो असे धरता आणखी सुमारे २६५ कोटी. एकदाच गाळले तरी ही बेरीज ३६० कोटींवर जाते. पुन्हा गाळले तर खर्च वाढतोच.

परंतु हेसच्या दृष्टीने विचारले की आरंभ काय आणि अखेर काय, तर चित्र पालटते. आरंभी कोमट आंबलेला रस. अखेरीस त्याच तापमानाची रम आणि उरलेले पाणी. ह्या दोन अवस्थांतील एन्थॅल्पीचा फरक मद्यार्काच्या मोलमागे १० किलोज्यूलांच्या आतच आहे, म्हणजे साऱ्या वर्षाचा मिळून चार कोटींच्या आत. उरलेले साडेतीनशे कोटी नळीभोवतीच्या थंड पाण्यात आणि तापलेल्या उरल्या रसात उतरून वाया जातात. एन्थॅल्पीचा बदल वाटेवर अवलंबून नसतो. सरपणाचा खर्च मात्र सर्वस्वी वाटेवर अवलंबून असतो. लाकडाची उष्णता किलोग्रॅममागे १५,००० किलोज्यूल आणि तिचा चौथा हिस्सा पात्रात पोहोचतो असे धरले, तर ह्या एका वर्षाला हजार टनांच्या घरात लाकूड लागेल. तयार झालेला सर्व मद्यार्क जाळला तर ५३० कोटी किलोज्यूल परत मिळतील. जाळलेल्या लाकडाची उष्णता मात्र १,४०० कोटींवर गेलेली असेल. रम विकून नफा होत होता तो उष्णतेच्या बाजारात नव्हे.

मद्यार्क इंधन म्हणून गाळावयाचा असेल तर हा ताळेबंद चालणार नाही, हे उघड आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत आज वाफेची उष्णता एका स्तंभातून दुसऱ्या स्तंभात फिरवून पुनःपुन्हा वापरली जाते आणि बॉयलरखाली उसाचे चिपाड जळते. वाट बदलली, म्हणून खर्च बदलला. किण्वनाची उष्णता मात्र भांडुपच्या पिंपात होती तेवढीच आहे. लिटरमागे १२० ग्रॅम ग्लुकोज असलेला रस बाहेर उष्णता न जाता पूर्ण आंबला तर त्याचे तापमान सोळा-सतरा अंशांनी चढते. मुंबईच्या हवेत तीस अंशांपासून आरंभ झाला तर ते सत्तेचाळीसांवर जाईल, आणि बहुतेक किण्व त्यापूर्वीच निकामी होईल. म्हणूनच आजच्या आसवनीत मळी आंबविणाऱ्या पात्रांतील रस थंड पाण्याच्या पट्टिकांमधून सतत खेळवितात, आणि त्या पाण्याचे परिमाण ठरविताना अभियंत्याने धरावयाचा आकडा ६९ नसून १०० च्या आसपासचा असतो.